दुसरं दार

२०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना मी परवा पुन्हा पाहिला. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, साठ हजारांवर प्रेक्षक, आणि एकतिसाव्या मिनिटालाच स्पेन दोन गोलांनी पुढे. निकाल ठाऊक असूनही पोटात गोळा आला. मग मध्यंतराच्या तोंडावर इंग्लंडच्या ब्रूस्टरचा हेडर, नंतर गिब्स-व्हाइट, फोडेनचे दोन, गेहीचा एक. इंग्लंड ५, स्पेन २. शिट्टी वाजली तशी बाकावरची मुलं मैदानात धावत सुटली. त्यातल्या एका मुलाच्या चेहऱ्यावर मी थांबले. गुडघ्यावर हात टेकून तो इतका मोकळेपणाने हसत होता, की उभं आयुष्य आता याच मैदानावर जाणार, याची त्याला खात्री असावी. मी त्याचं नाव शोधलं. मग त्याच्या शेजारच्याचं, मग दोन्ही संघांच्या याद्यांमधली बाकीचीही. फोडेन आणि गेही कुठे पोहोचले ते सगळ्यांना माहीत आहे. काही जण खालच्या विभागांत खेळताना सापडले. काहींचा माग एखाद्या छोट्या क्लबच्या जुन्या यादीपाशी तुटला. हसणाऱ्या त्या मुलाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याच्याबद्दलची शेवटची नोंद बरीच जुनी होती आणि त्यापुढे काहीच नव्हतं.

हे मनातून जाईना.

दोन देशांच्या फुटबॉलची तुलना आपण नेहमी वरच्या टोकाकडून करतो. फिफाचं क्रमांकन, कुणी किती विश्वचषक जिंकले, कुणाचे अकरा जण कुठल्या क्लबमध्ये खेळतात. त्याहून थोडं खोलात शिरायचं ठरवलं तर मुलांच्या प्रशिक्षणावर कुणी किती पैसा ओतला, हा आकडा काढतो आणि तो चषकाशेजारी ठेवतो. इतके घातले, इतकं मिळालं. मीही फुटबॉल अशाच पद्धतीने वाचत आले आहे आणि त्यातला आनंद खोटा नाही. पण त्या रात्रीनंतर वेगळाच प्रश्न पडू लागला. ज्या मुलाला चौदाव्या वर्षी ‘तू नको’ म्हणून सांगितलं जातं, त्याच्यासाठी त्या देशात पुढे काय असतं? हळूहळू माझं मत असं बनलं, की युवा प्रशिक्षणातली गुंतवणूक मोजायची तर ती इथे मोजावी.

सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट जर्मनीची. २० जून २००० रोजी, युरोपीय देशांच्या युरो स्पर्धेत, रॉटरडॅममध्ये पोर्तुगालच्या दुसऱ्या फळीने त्यांना ३-० असं लोळवलं. तिन्ही गोल सर्जियो कॉन्सेसाओचे. जर्मनी गटात तळाला, खात्यात एक गुण. त्या दिवशी मारिओ गोट्झं नावाचा मुलगा नुकताच आठ वर्षांचा झाला होता. पुढच्या काही वर्षांत बुंडेसलिगा या जर्मन व्यावसायिक लीगच्या दोन्ही विभागांतल्या छत्तीस क्लबांना स्वतःची अकादमी असल्याशिवाय परवाना मिळेनासा झाला, आणि २००२ पासून महासंघाने देशभर साडेतीनशेहून अधिक प्रशिक्षण केंद्रं उभी केली. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना आपल्या क्लबच्या सरावाखेरीज आठवड्यातून एक जादा सराव, तोही महासंघाने नेमलेल्या प्रशिक्षकाकडून, असं त्याचं साधं रूप होतं. खेड्यातल्या लहान क्लबमध्ये खेळणाऱ्या मुलाकडेही कुणाचं तरी लक्ष जावं, हा त्यामागचा विचार. २००९ मध्ये त्यांच्या २१ वर्षांखालील संघाने माल्मोमध्ये इंग्लंडला ४-० हरवून युरो जिंकला. त्या संघातले नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, ह्योवेडेस, केदीरा आणि ओझिल पाच वर्षांनी विश्वविजेते झाले. अंतिम सामन्यातला एकमेव गोल छातीवर चेंडू घेऊन, तो खाली पडायच्या आत डाव्या पायाने मारणारा गोट्झं बावीस वर्षांचा होता.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त भावतो तो त्यातला वेळ. आठ वर्षांच्या मुलासाठी आज प्रशिक्षक नेमला तर त्याचं फळ दिसायला चौदा वर्षं जातात. तोवर महासंघाचा अध्यक्ष बदललेला असतो, मुख्य प्रशिक्षक बदललेला असतो, ज्यांनी पैसे मंजूर केले त्यांची नावंही विसरली गेलेली असतात. २००२ मध्ये आठवड्याच्या त्या जादा सरावासाठी निघालेल्या प्रशिक्षकाला २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलला हरवलेलं बेलो होरिझोंतेचं ७-१ कसं दिसावं? असं काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आणि तरीही तेवढ्यावर गोष्ट थांबत नाही. २०१८ च्या विश्वचषकात जर्मनी पुन्हा गटात तळाला गेली, २०२२ मध्येही गटातच बाहेर पडली. केंद्रं तीच होती, अकादम्या तर अधिकच चकचकीत झाल्या होत्या. जर्मनीतच बोललं जाऊ लागलं की मुलं फार लवकर एका साच्यात बसवली जातात, सगळी सारखीच खेळू लागतात, एकट्याने समोरच्याला चकवून जाणारी मुलं कमी होत चालली आहेत.

साच्याचा मुद्दा आला की बेल्जियम आठवतो. युरो २००० चा तो सहयजमान, आणि जर्मनीसारखा तोही गटातच बाद. स्पर्धेतून उरलेल्या पैशातून त्यांनी तुबीझला राष्ट्रीय केंद्र बांधलं खरं, पण मोठं काम केलं ते मिशेल साब्लों या तांत्रिक संचालकाने. त्यांनी लहान मुलांचे शेकडो सामने चित्रित करवून लूवेन विद्यापीठाकडून तपासून घेतले. मोठ्या मैदानावर, मोठ्या संघात खेळणाऱ्या बऱ्याच मुलांच्या वाट्याला संपूर्ण सामन्यात चेंडू जेमतेम येत होता. ज्या वयात चेंडूशी मैत्री व्हायची त्या वयात मूल तासभर नुसतं इकडून तिकडे पळत होतं. मग लहानांचे सामने दोन-दोन आणि पाच-पाच जणांचे झाले, सात-आठ वर्षांच्या मुलांचे गुणतक्तेच बंद झाले. पालक आणि क्लब चिडले; तक्ता नाही तर जिंकल्याचं कळणार कसं? साब्लों गावोगाव जाऊन समजावत राहिले. जून २००७ मध्ये ७१ व्या क्रमांकावर असलेला बेल्जियम नोव्हेंबर २०१५ मध्ये पहिला होता. हे आकडे सगळे सांगतात. याच महासंघाची एक लहानशी योजना मात्र क्वचितच कुणी सांगतं. ज्यांची शरीरं उशिरा वाढतात अशा मुलांसाठी बेल्जियमने वेगळे राष्ट्रीय युवा संघ काढले. हातात आत्ता ताकद नाही पण डोक्यात खेळ आहे, अशा मुलांना त्यांच्यासारख्यांबरोबर खेळवायचं आणि वाढीची वाट पाहायची.

ही योजना का लागते, ते कुठल्याही अकादमीतल्या मुलांच्या जन्मतारखा पाहिल्या की लगेच ध्यानात येतं. वयोगट १ जानेवारीपासून मोजला, तर निवडलेल्यांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं भरमसाट आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधली मोजकी. हे देशोदेशी आढळलं आहे. बारा वर्षांच्या दोन मुलांत अकरा महिन्यांचं अंतर म्हणजे उंची आणि ताकद दोन्हींत डोळ्यांना दिसणारा फरक. निवड करणारा प्रामाणिकच असतो. त्याला समोर वेगवान, दणकट मुलगा दिसतो आणि तो त्याच्या नावापुढे खूण करतो. दुसरा घरी जातो. हा दुसरा फक्त चार-सहा महिने उशिरा जन्मला आहे, किंवा त्याची उंची वाढायला अजून दोन वर्षं आहेत, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. हायडुक स्प्लिट या क्लबला लुका मोद्रिच फारच किरकोळ वाटला होता. चाळीस लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या क्रोएशियाला त्याने २०१८ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम फेरीपर्यंत नेलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मोद्रिचचं भलं झालं ते झादर, दिनामो झाग्रेब आणि मोस्तारमधला एक उसनवारीचा हंगाम अशा वाटा त्याच्यापुढे उघड्या राहिल्या म्हणून. त्याच्याच अंगकाठीची आणखी किती मुलं त्या वर्षी घरी गेली असतील आणि त्यांना अशी एकही वाट सापडली नसेल!

फ्रान्सबद्दल माझ्या मनात दोन भावना एकाच वेळी असतात. तिथे सत्तरच्या दशकापासून व्यावसायिक क्लबांना प्रशिक्षण केंद्रं चालवणं भाग आहे, आणि १९८८ पासून क्लेअरफाँतेनचं राष्ट्रीय केंद्र आहे. पॅरिस परिसरातली तेरा वर्षांची मुलं निवडायची, सोमवार ते शुक्रवार तिथेच राहायचं, शाळा आणि सराव, आणि शनिवार-रविवारी आपापल्या क्लबकडून खेळायला घरी. आँरी, अनेल्का, एम्बापे तिथून गेले. तिथल्या सरावाची दृश्यं पाहताना डोळे हटत नाहीत. झाडांनी वेढलेली ओली हिरवळ, चेंडूचा तो बारीक टपटप आवाज, कमकुवत पायानेच पास द्यायचा असं सांगितल्यावर एकेका मुलाच्या कपाळावर उमटणारी आठी. फुटबॉल शिकवण्याची कला याहून सुंदर मी पाहिलेली नाही. पण त्याच दृश्यांत चाचणीनंतरचा वाहनतळही असतो. आपलं नाव यादीत नाही हे कळल्यावर बुटांच्या नाड्या सोडायलाही हात न धजावणारा मुलगा, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून गप्प उभे असलेले वडील. तेरा वर्षं हे काही वय नाही. २०१८ मध्ये फ्रान्स जिंकला तो संघ पाहा. आंत्वान ग्रीझमनला फ्रेंच क्लबांनी ‘फार लहानखुरा’ म्हणून एकामागून एक नाकारलं होतं. चौदाव्या वर्षी सीमा ओलांडून तो सान सेबास्तियानला रिआल सोसिएदादमध्ये गेला, तिथे घडला. न्गोलो कांतेला कुठल्याच मोठ्या केंद्रात जागा मिळाली नाही. तो सुरेनच्या हौशी क्लबमध्ये एकोणीस वर्षांचा होईपर्यंत खेळत राहिला. जगातली सर्वात नावाजलेली निवडयंत्रणा या दोघांना ओळखू शकली नाही. त्यांना वाचवलं ते एका परक्या देशातल्या क्लबने आणि एका उपनगरातल्या हौशी मैदानाने.

मग फ्रान्सच्या त्या विजयात गुंतवणूक नेमकी कुणाची धरायची?

हा हिशेब जितका सोडवावा तितका गुंततो. २०२२ मध्ये मोरोक्को उपांत्य फेरीत पोहोचला, तिथवर गेलेला आफ्रिकेतला पहिला देश. त्यांच्या सव्वीस जणांपैकी चौदा मोरोक्कोबाहेर जन्मलेले. हकीमी माद्रिदचा, रिआलच्या अकादमीतला. झियेश, अम्राबात, मझरावी नेदरलँड्समध्ये वाढलेले. पण पोर्तुगालविरुद्ध हवेत झेपावून तो अविश्वसनीय हेडर मारणारा एन-नेसिरी सालेजवळच्या मोहम्मद सहावा अकादमीतला, आणि मधल्या फळीतला ऊनाही व बचावातला अगेर्दही तिथलेच. म्हणजे एकाच जर्सीत दोन प्रकारची मेहनत होती: स्वतःच्या देशात बरीच आधी लावलेली, आणि दुसऱ्या देशांतल्या प्रशिक्षकांनी स्थलांतरितांच्या मुलांवर घेतलेली. त्याच विश्वचषकात फ्रान्समध्ये जन्मलेले पन्नासहून अधिक खेळाडू होते, त्यातले निम्म्याहून जास्त दुसऱ्या देशांकडून खेळले. सॉल्ट लेकवर चषक उंचावणाऱ्या इंग्लंडच्या त्या संघाचा अंतिम सामन्यातला कर्णधार जोएल लाटिबोडिएर आज जमैकाचा आंतरराष्ट्रीय खेळाडू आहे. क्लबांच्या बाबतीत फिफाने निदान एक नियम २००१ पासून केला आहे: खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली झाली, की रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात शिकवणाऱ्या क्लबांना मिळायचे. त्यात बाराव्या वर्षी शिकवणाऱ्याचा वाटा अठराव्या वर्षी शिकवणाऱ्याच्या निम्मा, हे मला कधीच पटलेलं नाही. बाराव्या वर्षी जो पायात चेंडू ठेवायला शिकवतो त्याचं काम अर्धं कसं? आणि सहाव्या-सातव्या वर्षी ज्यांनी मैदानावर पहिल्यांदा उभं केलं ते तर या हिशेबात येतच नाहीत. राष्ट्रीय संघांसाठी तर असा कुठलाच नियम नाही, आणि नसलेलाच बरा. मुलाला शिकवलं म्हणून ते मूल कुणाच्या मालकीचं होत नाही.

पैसा ओतला की संघ उभा राहतो, या समजाला चीनने दिलेलं उत्तर कडवट आहे. २०१५ च्या राष्ट्रीय आराखड्यात २०२५ पर्यंत फुटबॉल शिकवणाऱ्या पन्नास हजार शाळांचं उद्दिष्ट होतं. त्याआधीच चिंगयुआनमध्ये पन्नासेक मैदानांची जगातली सर्वात मोठी फुटबॉल शाळा उभी राहिली होती. २००२ नंतर चीन एकाही पुरुषांच्या विश्वचषकाला पात्र ठरलेला नाही, २०२६ लाही नाही. मैदानं बांधता येतात, एका हंगामात बांधता येतात. सात वर्षांच्या मुलाशी कसं बोलावं हे कळणारे हजारो प्रशिक्षक एका हंगामात तयार होत नाहीत. याच्या उलट टोकाला आइसलँड. चार लाखांच्या आत लोकवस्ती. २००० पासून बांधलेली बंदिस्त मैदानं, शाळांशेजारी छोटी कृत्रिम मैदानं, आणि मुख्य म्हणजे सहा वर्षांच्या मुलांनाही शिकवायला युएफाचा, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाचा, परवाना असलेला, पगार घेणारा प्रशिक्षक. एवढ्याशा देशात असे शेकडो. २०१६ च्या युरोत त्यांनी इंग्लंडला बाहेर काढलं, दोन वर्षांनी विश्वचषकात अर्जेंटिनाला बरोबरीत रोखलं. पुढे तो संघ ओसरला, २०२२ ला ते पात्र ठरले नाहीत, तेव्हा ‘आइसलँडची जादू संपली’ असं बरंच लिहिलं गेलं. मला ते वाचून राग आला होता. तिथल्या खेड्यातल्या मुलीला आणि मुलाला प्रशिक्षक तर अजूनही मिळतोच आहे. जादू कसली संपली?

जपानवर मात्र माझा फार जीव आहे. तिथे व्यावसायिक क्लबांच्या अकादम्या आहेत, आणि त्यांच्याच बरोबरीने शाळांचं आणि विद्यापीठांचं फुटबॉल तेवढ्याच जोमाने जिवंत आहे. नवीन वर्षाच्या सुट्टीत होणारी शाळांची राष्ट्रीय स्पर्धा शंभर वर्षांहून जुनी आहे. थंडीत भरलेलं स्टेडियम, ढोल, हरलेल्या संघाचा मैदानावर ओणवा झालेला गोलरक्षक. शुनसुके नाकामुराला योकोहामा मारिनोसने पंधराच्या सुमारास वरच्या गटात घेतलं नाही. तो शाळेच्या संघात गेला. केइसुके होंडाला गाम्बा ओसाकाने घेतलं नाही. तो सेइर्यो शाळेत गेला आणि पुढे तीन विश्वचषकांत गोल केले. दाइची कामादाचंही गाम्बातच तेच झालं, तोही शाळेतूनच वर आला. तिघांच्याही गोष्टीत एक दार बंद होतं आणि दुसरं उघडं असतं. ते दुसरं दार कुणाच्या दयेवर अवलंबून नव्हतं, प्रत्येक प्रांतात ते आधीपासून होतं. काओरू मितोमाला तर कावासाकी फ्रोंताले अठराव्या वर्षी वरच्या संघात घेत होता. आपली तयारी झालेली नाही असं त्यालाच वाटलं. तो त्सुकुबा विद्यापीठात गेला, तिथे ड्रिब्लिंगवर प्रबंध लिहिला. १ डिसेंबर २०२२ ला विश्वचषकात स्पेनविरुद्ध गोलरेषेवरून जेमतेम काही मिलिमीटर आत असलेला चेंडू त्याने मागे ओढला आणि आओ तानाकाने गोल केला. दोघंही एकाच प्राथमिक शाळेतले. तो क्षण आठवला की अजूनही अंगावर काटा येतो.

जपानचीच आणखी एक गोष्ट. फुकुशिमातल्या जे-व्हिलेज केंद्रात महासंघाने २००६ मध्ये मुलामुलींसाठी निवासी अकादमी सुरू केली होती. मार्च २०११ मध्ये अणुप्रकल्पाचा अपघात झाला आणि त्याच मैदानांवर बचावकार्याचा तळ उभा राहिला. मुलांना शिझुओकातल्या गोतेंबाला हलवलं. अकादमी बंद करायला इतकं सबळ कारण कुठल्याही महासंघाला मिळालं नसतं. त्यांनी ती चालू ठेवली, आणि कित्येक वर्षांनंतर पुन्हा फुकुशिमात आणली. जर्मनी आणि स्पेनला एकाच गटात हरवणाऱ्या देशाची तुलना करताना ही नोंद कुठल्याच तक्त्यात येत नाही.

यावर कुणी म्हणेल, चांगले प्रशिक्षक मोजकेच असतात, तास मोजकेच, पैसा तर त्याहून मोजका. निवड करावीच लागणार. मान्य आहे. फोडेनसारख्या मुलाला रोज त्याच्या तोडीच्या मुलांशी खेळावंच लागतं, नाहीतर तो फोडेन होत नाही. क्लेअरफाँतेन बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. माझं भांडण आहे ते निवडीच्या घाईशी, आणि निवड संपली की बाकीच्यांवरचा दिवा मालवण्याशी. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून अकरा वर्षांखालच्या मुलांचे गुणतक्ते काढून टाकले आणि लहान मैदानं, छोटे संघ, कमी वेळ बाकावर असे खेळ सक्तीचे केले, तेव्हा तिथल्या अनेक जाणत्यांनी डोक्याला हात लावला. मुलं लढायला कशी शिकणार, म्हणे. ज्या देशाने वीसेक वर्षांपूर्वी सगळ्या जगाला संघटित निवड शिकवली, त्यानेच थोडं थांबून सगळ्यांना चेंडू द्यायचं ठरवलं, यात मला फार मोठं धाडस दिसतं. त्याचं फळ दिसेल तेव्हा आजची सात वर्षांची मुलं विशीत असतील.

नॉर्वेत हे आधीपासून आहे. तिथे मुलांच्या खेळातल्या हक्कांची लिखित नियमावली आहे, आणि दहा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांचे तक्ते लावायला त्यात परवानगी नाही. ‘असल्या लाडांनी विजेते घडत नाहीत’ हे नॉर्वेला वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. १९९८ नंतर त्यांचा पुरुष संघ विश्वचषकाला गेलाच नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिलानमध्ये इटलीला ४-१ असं हरवून ते २०२६ साठी पात्र झाले. पात्रता फेरीत सोळा गोल एकट्या अर्लिंग हालांडचे. हा हालांड ब्र्युनं या छोट्या गावात वाढला. पंधरा-सोळाच्या वयापर्यंत तो बरोबरीच्यांपेक्षा लहानखुरा होता, कुठल्याही कडक अकादमीने त्याच्या नावापुढे फुली मारली असती. तिथले प्रशिक्षक आल्फ इंग्वे बेर्न्टसेन यांनी चाळीसच्या आसपास मुलांचा तो गट फोडलाच नाही. चांगले-वाईट असे तुकडे न पाडता त्यांना वर्षानुवर्षं एकत्र खेळवलं, आणि शनिवार-रविवारी बंदिस्त मैदान ज्याला हवं त्याच्यासाठी उघडं ठेवलं. त्यातले काही जण व्यावसायिक झाले. बाकीच्यांची नावं नॉर्वेबाहेर कुणाला माहीत नाहीत. पण त्यांनाही हालांडइतकाच चेंडू मिळाला, तेवढेच तास, आणि तोच प्रशिक्षक.